जाहिरात अडवायची की नाही, हे गूगलने का ठरवावं?

रामबागकर: गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरमधलं यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), बंद पाडलं. आधी पान उघडताना बाहेर जाणारी प्रत्येक मागणी एक्स्टेंशन स्वतः तपासून अडवायचं. आता, मॅनिफेस्ट व्ही३ या क्रोमच्या एक्स्टेंशनसाठीच्या नव्या नियमावलीत, नियमांची यादी ब्राउझरला देऊन ठेवायची आणि अडवायचं काम त्याच्यावर सोडायचं. जिची तीन चतुर्थांश कमाई जाहिरातींची, त्या कंपनीकडे हा निर्णय नको. परवा आई मोबाइलवर वीजबिल भरायला बसली. शोधलं तर सगळ्यात वर हुबेहूब सरकारी दिसणारी नकली साइट, बाजूला बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’. ती ओटीपी टाकणारच होती. अशाच फसव्या जाहिरातींमुळे अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना ॲड ब्लॉकर वापरायला सांगितलं होतं.

सराफ्याची सुगरण: दादा, राग गूगलवर आणि मार आम्हाला! मी इंदूरहून मराठी पाककृतींची साइट चालवते. भुट्ट्याचा कीस कसा करायचा हे फुकट वाचायला मिळतं, कारण होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवण्याचा, खर्च जाहिरातींतून निघतो. वर्गणी मागून पाहिली, कोणी देत नाही. शिवाय जुन्या पद्धतीत एक्स्टेंशनला तुमचं सगळं दिसायचं, बँकेचं पानसुद्धा. ते चालत होतं?

रामबागकर: ताई, परवानगी दिली तर ते आजही दिसतं. पाहायची मुभा ठेवली, अडवायची तेवढी काढली. म्हणून सुरक्षिततेचं कारण मला पटत नाही.

सुदामानगर: फायरफॉक्स घ्या, तिथे यूब्लॉक अँड्रॉइडवरही चालतं. पण पैशाची वाट तिथेही तीच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगल सर्चच्या करारातून येते, म्हणजे गूगल हेच ठरलेलं सर्च ठेवण्याबद्दल. ते पैसे थांबले तर फायरफॉक्स टिकणं कठीण, असं मोझिलानेच २०२५ मध्ये कोर्टात सांगितलं. ॲपलला तर त्यांच्या सफारी ब्राउझरमध्ये तेच करण्यासाठी गूगलकडून एकट्या २०२२ मध्ये २० अब्ज डॉलर मिळाले. याच खटल्यात अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांच्या कोर्टाने २०२४ मध्ये गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली, पण पुढे क्रोम विकायला लावलं नाही आणि असे पैसे द्यायलाही मनाई केली नाही. खरी मेख इथे आहे.

सराफ्याची सुगरण: कोर्टाचं राहू द्या. ब्लॉकर एका साइटपुरता बंद करता येतो, तेवढं तरी करा.

रामबागकर: करतो. पण तुमच्या पानावर कृती वाचता वाचता आपोआप वाजणारा व्हिडिओ येतो, तो आधी काढा.

सराफ्याची सुगरण: तो जाहिरात कंपनी परस्पर लावते आणि पैसे सगळ्यात जास्त त्याचेच येतात. तो काढला तर होस्टिंग खिशातून भरावं लागेल. नाही काढणार.