सरकारी गाडीला ॲव्हरेजची अट घालावी का?

पांदणवाला (यवतमाळ जिल्हा)
विहिरीच्या अनुदानाची फाइल घेऊन परवा एका सरकारी कार्यालयात दीड तास बसलो होतो. साहेब 'येतातच' होते. आवारात कडुलिंबाखाली पाच गाड्या उभ्या. एका चालकाला सहज विचारलं, ॲव्हरेज किती देते? म्हणाला, "नऊ. एसी लावला की आठ. पण काका, आम्हाले कोन विचारते ॲव्हरेज?"

तेच तर. सरकारी गाडी घेताना कोणत्या हुद्द्याला किती लाखांपर्यंतची, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं. तशीच लिटरमागे किती धावावी याचीही अट घालावी, एवढंच माझं म्हणणं. अमेरिकेनं १९७३ च्या तेलटंचाईचा चटका बसल्यावर १९७५ मध्ये कायदा केला. कंपन्यांना सरासरीचं मानक लावलंच, शिवाय सरकारी खात्यांनाही बांधलं. खात्यांनी वर्षभरात विकत घेतलेल्या किंवा ६० दिवस वा त्याहून जास्त भाड्यानं घेतलेल्या मोटारींची सरासरी गॅलनला किमान १८ मैल हवी, आणि कंपन्यांचं मानक त्याहून वर असेल तर तेवढी हवी.

आपल्याकडेही कंपन्यांना मानक आहे. २०१७-१८ पासून धुरात किलोमीटरला जास्तीत जास्त १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२-२३ पासून ११३. पेट्रोलच्या भाषेत लिटरला साधारण वीस किलोमीटर. पण ते कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला लागतं. म्हणजे साहेबांच्या धिप्पाड गाडीचं पाप कुण्या मास्तराची छोटी गाडी फेडते. सरकार स्वतः गिऱ्हाईक म्हणून मोकळंच.

धारणीची वाटसरू
दादा, यवतमाळच्या डांबरावर बसून हे लिहिणं सोपं आहे. परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालचा घाट उतरून धारणी, किंवा चिखलदऱ्याहून हतरूकडे जुलै महिन्यात एकदा जाऊन या. वीस ॲव्हरेजची बुटकी गाडी पहिल्याच नाल्यात पोट टेकवते. तिकडे भामरागडात पर्लकोटेला पूर आला की अख्ख्या तालुक्याचा संपर्क तुटतो. तिथल्या आरोग्य पथकाला तुम्ही ॲव्हरेज विचारणार? उंच, जड, चारही चाकांना ताकद देणारी गाडी जास्त पिणारच. बाळंतीण गाडीत असताना लिटर कोणी मोजत नाही.

पांदणवाला
ताई, त्या कायद्यातही लष्कराच्या लढाऊ कामाच्या, पोलिसांच्या आणि बचावकार्याच्या गाड्या सरासरीतून वगळल्या आहेत. आपणही रुग्णवाहिका आणि दुर्गम भागातल्या गाड्या वगळू. पण जिल्ह्याच्या ठिकाणी बंगला ते कार्यालय, कार्यालय ते बैठक एवढंच करणाऱ्या गाडीला पर्लकोटेचं नाव सांगून सूट नको.

वऱ्हाडी ठेचा
हाव ना भाऊ, पन सूट ठेवली का सारेच साहेब एका रातीत दुर्गम होतात! आमच्या इकडं नकाशात डोंगर नाही, पन गाडीचा प्रस्ताव गेला का कागदावर डोंगर उगवते.

आगारातून निवृत्त
ॲव्हरेजचा हिशेब सरकारी यंत्रणेला जमत नाही, हे मला मान्य नाही. एसटीत आयुष्य गेलं. आमच्याकडे केपीटीएल असते, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर. आगाराची वेगळी, चालकाची वेगळी, गाडीची वेगळी. चांगली केपीटीएल देणाऱ्याचा सत्कार व्हायचा, घसरली की बोलावणं यायचं. आणि गाडी तीच, रस्ता तोच! क्लचवर पाय ठेवून चालवणारा आणि उतार पाहून आधीच ॲक्सिलरेटर सोडणारा, यांच्यात फरक पडतोच. चाकात हवा कमी, एअर फिल्टर कापसाच्या धुळीनं भरलेलं, ब्रेक धरून राहिलेले, एवढ्यानंही केपीटीएल खाली येते.

म्हणून खरेदीच्या अटीला माझा विरोध. नवी गाडी घेऊ नका, आहे ती नीट ठेवा. अट घातली की उद्या 'नव्या मानकात बसत नाहीत' म्हणून धडधाकट गाड्या निर्लेखनाला, म्हणजे भंगारात, जातील आणि नव्यांच्या निविदा निघतील. तसाही १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण बंदच आहे. जुनी धेंडं आपोआप जातात.

गणिताचे गुरुजी, वाशीम
दोन्ही बाजू एक साधी चूक करताहेत, म्हणून फळा पुसून पुन्हा लिहितो.

खात्यानं एक गाडी ८ ची घेतली, एक २४ ची. सरासरी किती? सगळे म्हणतील १६. चूक. दोन्ही १०० किलोमीटर चालवा. पहिली साडेबारा लिटर पिते, दुसरी सव्वाचारच्या आतच. २०० किलोमीटरला साधारण पावणेसतरा लिटर, म्हणजे सरासरी १२. अमेरिकेच्या कायद्यातही हीच उलट्या भागाकाराची रीत आहे, साधी बेरीज चालत नाही.

आता दुसरी गंमत. वर्षाला २४,००० किलोमीटर धरा. ९ ची गाडी काढून १२ ची आणली तर २,६६७ लिटरचे २,००० होतात. ६६७ लिटर वाचले. १८ ची काढून २१ ची आणली तर वाचतात फक्त १९० लिटर. दोन्हीकडे वाढ तीनचीच! म्हणून सगळ्यांना सरसकट अट लावण्यापेक्षा सगळ्यात खादाड गाडी आधी बदलावी. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी ६६७ लिटरचे साठ हजार होतात. एका अंगणवाडीचं छप्पर शाकारून होतं तेवढ्यात.

धारणीची वाटसरू
गुरुजी, तुमच्याच फळ्यावर मी एक आकडा लिहिते. तुमची २४ ची गाडी साहेब वापरतच नाहीत, पोर्चमध्ये उभी. महिन्याला २०० किलोमीटर. ८ ची मात्र २,००० धावते. आता किती?

गणिताचे गुरुजी, वाशीम
२५० लिटर अधिक सव्वाआठ... २,२०० भागिले २५८. साडेआठ. हरलो, ताई. कागदावर १२, रस्त्यावर साडेआठ.

भाड्याची गाडी
माझ्या दोन गाड्या एका खात्यात लागल्या आहेत. महिन्याचं ठरीव भाडं, डिझेल माझं. खात्यानं काही सांगितलं नाही तरी मी ॲव्हरेज पाहूनच गाडी घेतली, कारण खिसा माझा आहे. सगळ्या गाड्या भाड्यानं घ्या, अटच लागणार नाही.

वऱ्हाडी ठेचा
मंग ठरलेले किलोमीटर संपले का महिन्याच्या विसाव्या तारखेले गाडी 'गॅरेजात' काऊन जाते, ते बी सांगा ना भाऊ.

इलेक्ट्रिक पोट्टा, अकोला
तुम्ही सगळे अजून लिटरमध्येच अडकलात. राज्यानं १ जानेवारी २०२२ पासून सरकारी नव्या आणि भाड्याच्या गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायच्या, असं जाहीर केलं होतं. तालुक्याची गाडी दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरते, रात्री कार्यालयात उभी राहते. तिला डिझेल हवंच कशाला?

धारणीची वाटसरू
जाहीर झालं होतं खरं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइन गेली की दोन-दोन दिवस येत नाही. अकोल्यात करा सुरुवात, मी टाळ्या वाजवीन.

स्टेअरिंग नंबर एक
मी सरकारी चालक आहे, नाव लिवत नाही. सगळे साहेबावर न् गाडीवर बोलून राहिले, म्हणून सांगतो. मे महिन्यात पंचेचाळीस टेम्परेचर. साहेब बैठकीत तीन तास. माह्यासाठी खुर्ची नाही, पंखा नाही, पान्याचा माठ बी नाही. मी गाडीत एसी लावून बसतो. गाडी जागेवर, किलोमीटर जागेवर, डिझेल चालू. पांदणवाल्या काकानं पाह्यलं ते हेच. आवारात चालकाले एक खोली द्या, कूलर द्या, मंग ॲव्हरेज विचारा. आन् फिल्टर बदला म्हणून तीनदा लेखी देलं, बिल मंजूर व्हायचं आहे.

आगारातून निवृत्त
भाऊ, तुमची खोलीची मागणी रास्त आहे. आमच्या आगारात निदान विश्रांतीगृह होतं, ढेकणांसकट.

पांदणवाला
मी माझी मागणी बदलतो. खरेदीची अट ठेवाच, पण हिशेब गाड्यांच्या संख्येवर नको, धावलेल्या किलोमीटरवर हवा. प्रत्येक कार्यालयानं दर महिन्याला एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर फलकावर लिहावेत, ग्रामपंचायतीत घरपट्टीच्या थकबाकीची यादी लागते तसे. मेळघाटचा आकडा कमी दिसला तर दिसू दे, शेजारी रस्त्याचं नाव लिहा. लॉगबुक आहेच, वेगळा खर्च काय?

स्टेअरिंग नंबर एक
लॉगबुक रोज भरतो काका. मीटर दिवाळीपासून बंद आहे.