उतारावर दुखतं, तर पळणं इतक्यात सोडू नका

तुम्ही लिहिलंय की जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीच्या मागे दुखतं आणि घरचे म्हणतात, झीज झाली, पळणं बंद कर. इतक्यात बंद करू नका. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करताना माझं अगदी हेच झालं होतं. चढ नाही, उतार नडला. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना सतत ब्रेक लावावा लागतो, त्याने वाटीवरचा दाब वाढतो. बराच वेळ गुडघे दुमडून बसलं की उठताना कळ येते का? तीही त्याचीच खूण.

मी पूर्ण थांबलो नाही. उतार बंद, अंतर निम्मं. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं नाही तर पुढचं पळणं आणखी कमी. खरा फरक मात्र मांडीच्या आणि कुल्ल्याच्या व्यायामांनी पडला. आरशासमोर एका पायावर सावकाश अर्धं बसून बघा, गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला झुकतो का. माझा चांगलाच झुकायचा. पावलंही लहान आणि भरभर टाकायला लागलो. तीन महिने लागले.

सूज असेल, किंवा गुडघा मध्येच अडकत असेल, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.