मदत हवी आहे : तेरा वर्षांच्या भाचीसाठी मराठी विज्ञान/अद्भुत साहस कादंबऱ्या

भाची सातवीत आहे, मराठी माध्यमात. इंग्रजी पुस्तक दहा पानांत सोडून देते, मराठी मात्र एका बैठकीत संपवते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न, दोन्ही वाचून झाले. नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ फार आवडली, पण त्या कथा. तिला आता दोन-तीन दिवस पुरेल अशी सलग गोष्ट हवी आहे. त्यांचीच ‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ आणून ठेवली आहेत. नाथमाधवांचं ‘वीरधवल’ दिलं होतं, जुन्या भाषेमुळे अडली. हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद माहीत आहे, तो वाचनालयात मिळतो.

भयकथा नकोत, रात्री झोपत नाही. म्हणून धारप सध्या बाजूला ठेवलेत. अनुवाद चालेल, पण भाषा ओघवती हवी. नायिका मुलगी असेल तर फारच छान, तिने स्वतःच विचारलंय. पुस्तक आज छापील मिळायला हवं. फोनवर वाचायला देत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत या वयासाठी आलेली, तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी स्वतः वाचलेली अशी कोणती कादंबरी आहे, आणि कोणत्या प्रकाशनाची?