बाबांना पुन्हा बंदरावर कसं न्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे. गेल्या ऑक्टोबरात माझ्या मोठ्या भावाला दर्याने नेलं. त्या दिवशी होडीवर बाबाही होते. तेव्हापासून ते बंदराकडे फिरकलेले नाहीत. वय ५८, बाकी तब्येत ठीक, दारू नाही.

दिवसभर ओटीवर जाळ्याची सुई घेऊन बसतात. चार आसे (जाळ्याची भोकं) विणतात आणि संध्याकाळी तेच उसवतात. दादाचा रेनकोट खुंटीवरून कुणाला काढू देत नाहीत, आणि आम्हीही काढलेला नाही.

दापोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने झोप सुधारली. गोळ्या चालूच आहेत. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला. मराठीत नीट बोलले, पैसे लागत नाहीत. पण बाबा फोन हातात धरत नाहीत, त्यामुळे सल्ला मीच ऐकला. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत नाहीत, हे स्पष्ट विचारलं आहे. रत्नागिरीला वरचेवर नेणं जमणार नाही, आई एकटी पडते.

मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. भावकी म्हणते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायला ओढून न्या, मन मोकळं होईल. मला भीती वाटते. जबरदस्तीने उलटं झालं तर?

ज्यांच्या घरी दर्याने माणूस नेलंय त्यांनीच कृपया सांगा: तुमचं माणूस पहिल्यांदा पाण्यापाशी गेलं ते कुणी नेल्यामुळे की आपणहून? आणि दापोली-मंडणगड भागात घरी येऊन बोलणारं कुणी समुपदेशक माहीत आहे का?