मदत हवी आहे: रिपोर्टमध्ये एचएलए-ए*०२ आहे, म्हणजे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) होणार नाही ना?

सांजवात:
भावाला एमएसचं निदान झालंय. आई तेव्हापासून विचारतेय, आता मलाही होणार का? जुना एचएलए (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचा) रिपोर्ट सापडला, त्यात ए*०२ आणि डीआरबी१*१५ हे दोन्ही जनुकप्रकार आहेत. वाचलं की पहिलं वाचवतं आणि दुसरं धोका वाढवतं. मग खरं काय धरायचं? डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यात मिळालीय, तोवर धीर निघत नाही. जाणकारांनी प्लीज लवकर सांगा.

भटका७:
रिपोर्ट कुणाचा, तुमचा की भावाचा? आणि कशासाठी काढला होता?

रानफूल:
माझ्या काकांचंही एचएलए बी२७ पॉझिटिव्ह आलं होतं. सकाळी कंबर धरायची. योगासनांनी खूप फरक पडला.

भटका७:
बी२७ मणक्याच्या आजारात बघतात हो. इथे त्याचा संबंध नाही.

हिरवाई:
दोघांनी गुळवेल सुरू करा. प्रतिकारशक्ती वाढली की सगळं ताळ्यावर येतं.

पेशीपुराण:
कृपा करून असं सांगू नका. एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनवर, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणावर, हल्ला करते. आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत.

हिरवाई:
आमच्या घरी तीन पिढ्या घेतात. कुणाला काही झालेलं नाही.

सांजवात:
रिपोर्ट माझा आहे. बाबांना किडनी द्यायची होती तेव्हाचा, शेवटी आईने दिली. भावाचा काढलेला नाही. मला त्रास काहीच नाही.

पेशीपुराण:
हे आधी सांगायला हवं होतं, ताई. आता नीट बोलता येईल. युरोपीय वंशाच्या लोकांत डीआरबी१*१५:०१ असेल तर धोका साधारण तिप्पट होतो आणि ए*०२:०१ असेल तर काहीसा घटतो. स्वीडनमधल्या अभ्यासात १५ असून ०२ नसलेल्या आणि वर सिगारेट ओढणाऱ्यांत धोका सर्वांत जास्त दिसला. म्हणजे दोन्ही एकत्र मोजतात, पण ०२ हे कवच नव्हे. ते असलेल्यांनाही एमएस होतो.
शिवाय तुमच्या रिपोर्टमध्ये कोलनपुढचे आकडेच नाहीत, म्हणजे नेमका उपप्रकार कळत नाही. आपल्याकडे ०२:११ आणि १५:०२ हेही पुष्कळ आढळतात, त्यामुळे ते युरोपातले निष्कर्ष तुम्हाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. २०१९ पर्यंत एमएसशी निगडित दोनशेहून जास्त जनुकीय जागा सापडल्या होत्या, तुमच्या रिपोर्टमध्ये त्यातल्या दोनच बघितल्या आहेत. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असला तर दुसऱ्याला सुमारे चारांत एकदाच होतो. सख्ख्या भावंडांत, पाश्चात्त्य आकड्यांनुसार, शंभरात दोन ते चार. आईंना हा शेवटचा आकडा सांगा.

भटका७:
एपस्टाइन-बार विषाणूचं विसरलात. २०२२ च्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात त्या संसर्गानंतर धोका ३२ पट दिसला.

पेशीपुराण:
खरंय, पण तो विषाणू बहुतेक सगळ्यांना होऊन गेलेला असतो. त्यावरून ताईंनी काय करायचं?

उन्हाचा_तुकडा:
ड जीवनसत्त्व तपासा! माझं आठ होतं.

सांजवात:
मग मी एमआरआय करून घेऊ का? आणि भावाचं एचएलए काढलं तर औषध ठरवायला उपयोग होईल?

पेशीपुराण:
दोन्हीला नाही. एमएसचं औषध एचएलए बघून ठरत नाही. लक्षण नसताना भावंडांचा एमआरआय सहसा करत नाहीत. पण एका डोळ्याला अंधुक दिसू लागलं, डोळा हलवताना दुखलं, किंवा हातापायातला बधिरपणा दिवसभर टिकला, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका. सिगारेट असेल तर आजच सोडा, भावालाही सोडायला लावा.

रानफूल:
भावाची मेडिक्लेम आहे ना? नूतनीकरणाची तारीख चुकवू नका.