लष्करी नक्षीचे कपडे बाजारात हवेत कशाला?

खानापूरकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "लष्करी नक्षी ही फॅशन आहे, सरड्यासारखं लपायला गंमत वाटते, कुणी का घालू नये?" लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात १९२२ पासून आहे, तिथल्या माणसाने हे लिहावं? ती नक्षी सजावट नव्हे. नजर आधी डोकं-खांद्यांची बाह्यरेषा शोधते. वेडेवाकडे डाग ती रेषाच मोडतात, म्हणून झुडपातला जवान वाचतो. खडे बाजारात कुणापासून लपायचंय?

निपाणीचा शेतकरी: काय बोलूलालास गा? आम्ही उसात घालतो. कापड जाड, पाचट लागत नाही, मळ दिसत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ वाच, जवान असल्याचं भासवायचा हेतू असेल तरच गुन्हा.

खानापूरकर: हेतू कपाळावर लिहिलेला असतो? तसलं जॅकेट घालून एकजण 'लष्करी कँटीनचा स्वस्त माल' म्हणत माझ्या वडिलांचे पैसे घेऊन गेला. वडील स्वतः निवृत्त सुभेदार!

टिळकवाडीची पक्षीवेडी: आणि सरडा लपायलाच रंग बदलतो, हे कुणी शिकवलं? नर माजावर आला की लाल होतो, उठून दिसण्यासाठी. लपणं बघायचं तर भीमगडच्या अभयारण्यात रातवा पक्षी बघा. पाचोळ्यात बसतो, पाय पडायची वेळ आली तरी हलत नाही. आणि तिथेच हे लष्करी टी-शर्टवाले पर्यटक स्पीकर लावून येतात! चितळाला नारिंगी आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, म्हणून एवढा भडक वाघ गवतात खपून जातो. चितळाला सावध करतात हालचाल, आवाज आणि वास. तुमची नक्षी अत्तर लपवते का?

चिकोडीकर: ताई, विषय गणवेशाचा आहे.

टिळकवाडीची पक्षीवेडी: विषय लपण्याचा आहे. चोर्ला घाटात रात्री गाड्यांखाली साप चिरडतात, त्यावर एक तरी धागा काढलात? हरणटोळ वेलीत दिसत नाही, पण डांबरावर त्याचा हिरवा रंग काय कामाचा?

निपाणीचा शेतकरी: हे मात्र खरं. पण माझ्या पँटीचं काय झालं?

खानापूरकर: घाल बाबा, उसातल्या माणसावर माझा राग नाही. पण १५ जानेवारी २०२२ ला आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीचे हक्क लष्कराने नोंदवलेत. ती हुबेहूब विकणाऱ्या दुकानदाराला मी सोडणार नाही.

निपाणीचा शेतकरी: मग दुकानदाराशी भांड की! माझी जुन्या नक्षीची आहे, फाटेपर्यंत घालणार.