जिला टिकवायचं तिलाच मारण्यात उत्क्रांतीचा फायदा कसला?

कुतूहल:
उत्क्रांतीवादी मानसशास्त्र म्हणतं, मत्सर हा जोडीदार टिकवायला घडलेला स्वभाव. इथवर पटतं. पण मत्सरापोटी नवऱ्याने बायकोलाच जिवे मारलं तर वंश कसा वाढणार? वर तिच्या भावाबापाचं वैर, पोरं उघड्यावर. मग असला स्वभाव पिढ्यानुपिढ्या टिकला कसा?

रानजाई:
यात दोन तट आहेत. डेव्हिड बस आणि जोशुआ डंटली या मानसशास्त्रज्ञांच्या मते ठराविक प्रसंगी खून करण्याची यंत्रणाच माणसात घडली आहे. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन हे दुसरे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, घडली ती धमकी द्यायची वृत्ती. खून हा तिचा अतिरेक. पोकळ धमकीला कुणी भीक घालत नाही, म्हणून ती खरी वाटावी लागते. आणि खरी वाटणारी धमकी कधीतरी खरी होऊन बसते, फायदा कुणाचाच नसताना.

मला हे दुसरं पटतं. त्यातून तपासता येणारं भाकीत निघतं: ताबा सुटू लागला की धोका वाढायला हवा. डेली-विल्सन यांनी १९९३ साली कॅनडा, ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स आणि शिकागो इथल्या खुनांच्या नोंदी तपासल्या. वेगळ्या झालेल्या बायकांना, सोबत राहणाऱ्यांपेक्षा, नवऱ्याकडून जास्त धोका निघाला. (आपल्याकडे बातमीत ‘एकतर्फी प्रेमातून’ छापतात, तिथेही हाच ताबा असू शकतो.)

सरासरी:
बाई-पुरुषांच्या मत्सरातल्या फरकाचे आकडे मात्र जपून वापरा. बस यांचा १९९२ चा प्रश्न असा: जोडीदाराचं दुसऱ्याशी शरीरसंबंध असणं जास्त झोंबेल, की त्याच्या प्रेमात पडणं? एकच निवडायचं. शरीरसंबंध निवडणारे पुरुष ६० टक्के, बायका १७. विचारलं कॉलेजातल्या मुलामुलींना. सक्तीच्या निवडीऐवजी दोन्हींना वेगवेगळे गुण द्यायला सांगितलं, की ही दरी बऱ्याचदा आटते. शिवाय ‘प्रेमात पडला म्हणजे बाकीचंही झालंच असणार’ असं बाई धरून चालत असेल, तर उत्तर मत्सराचं नाही, अंदाजाचं आहे.

दवबिंदू:
मार खाणाऱ्या बायकांच्या समुपदेशनात उपयोगी पडतं ते अमेरिकन संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांचं, जोडीदाराकडून खुनाचा धोका किती हे जोखायचं साधन. आधी कॅलेंडर घेऊन गेल्या वर्षातल्या मारहाणीच्या तारखा बाईकडूनच खुणावून घ्यायच्या, प्रत्येकीला १ ते ५ तीव्रता. मग २० हो-नाही प्रश्न. कॅलेंडरची पायरी गाळली की ‘क्वचितच मारतो’ एवढंच हाती लागतं. तारखा मांडल्यावर मार वाढत चाललाय हे तिचं तिलाच दिसतं.

‘कधी गळा दाबला का?’ हा प्रश्न वगळू नका. अमेरिकेतल्या २००८ च्या अभ्यासात, आधी गळा दाबला गेलेल्या बाईच्या बाबतीत पुढे खुनाची शक्यता सातपटीहून जास्त होती. बाहेर वळ बऱ्याचदा नसतोच. घोगरा आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके बघा. आणि घर सोडायचा दिवस त्याला आधी कळू देऊ नये.